गोदाकाठचे जुने रुपे

शहागडच्या पुलाखालून जे पाणी वाहते ते नाशकाकडून येते. वाटेत त्याला दारणा मिळते, मग पैठण लागते, आणि पैठणच्या खालच्या अंगाला आपले शहागड. पलीकडे गेलात की गेवराई तालुका. आता मध्ये जायकवाडीचे धरण झाले आहे, तेव्हा पाणी सोडतील तेव्हाच येते, ही गोष्ट निराळी. पण नदी तीच आणि काठही तोच. आज ज्या नाण्यांविषयी बोलायचे आहे ती याच काठावर, पण वरच्या बाजूला सापडली.

श्रोतेहो, गोदाकाठच्या कोणत्याही पारावर बसा, एक गोष्ट ऐकायला मिळतेच. अमक्याच्या आजाला नांगर अडला, खाली हंडा लागला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने माडी चढवली! हंडा कोणी पाहिलेला नसतो, माडी मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. तरी गोष्ट अगदीच पोकळ नाही. पूर्वी खेडोपाडी पेढी कुठली? पेंढारी येणार अशी हूल उठली की गाडगे भरायचे आणि भिंतीत किंवा चुलीखाली पुरायचे. पुरणारा परत आला नाही की ते तिथेच राहायचे. आपल्याकडे जुना वाडा पाडताना मिळण्यासारखे म्हणजे बहुधा निजामाचे हाली रुपये. चारमिनार उठवलेला तो रुपया, १९४८ साली संस्थान गेले तरी पुढे काही वर्षे बाजारात चालत होता.

अलीकडे या गोष्टीत एक यंत्र शिरले आहे. लांब दांडा, खाली ताटलीसारखे चाक आणि कानाला लावायची बोंडे. लोक त्याला नुसते मशीन म्हणतात. त्याचे इंगित साधे आहे. ताटलीत तारेचे वेटोळे असते आणि त्यातून उलटसुलट फिरणारी वीज सोडतात. तिच्यामुळे खाली चुंबकी क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूतही बारीक वीज खेळू लागते, तिचा धक्का परत वेटोळ्याला पोचतो आणि कानात आवाज होतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या बेलने असलेच यंत्र नेले होते, पण गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला ते कामी आले. आता ते हौशी माणसाच्या हाती आहे. पण एक ध्यानात ठेवा, नाण्याएवढी वस्तू त्याला वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. गाडीच्या धावेचा तुकडा, बैलाची नाल, खिळा, बाटलीचे बूच, सगळ्यांना ते ओरडते. पुरुषभर खोल गेलेल्या हंड्याची गोष्ट सांगून कोणी मशीनचे भाडे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

बरे, लागलेच तर काय? इथेच मुद्द्याची गोष्ट येते. नाण्याची चांदी किती, यापेक्षा ते कुठे, कशाबरोबर आणि किती नाण्यांत सापडले याला फार किंमत आहे.

सिन्नर तालुक्यात गोदावरी-दारणेच्या संगमावर जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली जमिनीतून चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. एकदोन नाही, १३,२५० च्या वर! नाणे लहान, पूर्वीच्या चवली-पावलीच्या मधले, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत राजाचे नाव, क्षहरात नहपान. हा शक राजा, सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिक-जुन्नरपासून गुजरातेपर्यंत त्याचा अंमल होता.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट नावाच्या पाद्र्यांनी ही नाणी एकेक करून पाहिली आणि १९०८ साली त्यांवर लिहिले. तेव्हा कळले की त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा वरून मारलेला आहे. एका अंगाला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या अंगाला अधिक चिन्हाच्या चार टोकांवर चार गोळे. अक्षरे गौतमीपुत्र सातकर्णीची, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनाची. ठशाखालून नहपानाचे नाक आणि ग्रीक अक्षरे अजून डोकावतात.

नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा, शिलालेख आहे. माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती म्हणते. आता आईने मुलाचे कौतुक केले तर त्यातले किती घ्यायचे, असा प्रश्न कोणीही विचारील. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याला उत्तर दिले. हरलेल्या राजाचा पैसा हाती आला तो वितळवण्याइतकी सवड घेतली नाही. तोच पैसा, वर आपला शिक्का, आणि चालू द्या बाजार! सातवाहनांची रोजची नाणी शिशाची, तांब्याची आणि मिश्र धातूची, चांदीची थोडी. आयती चांदी कोण सोडतो? चारएक हजार नाणी ठशाविना राहिली, त्यावरून दोन्ही तऱ्हेची नाणी एकाच माणसाकडे साठत होती असे दिसते.

याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. शिक्षकबंधूंनी तो वर्गात गणिताला घ्यावा. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा. हिशेब चोख जमतो! पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण, हा दरही तिथेच कोरलेला आहे.

आता कल्पना करा, १९०६ साली ही तेरा हजार नाणी पन्नास घरांत वाटली गेली असती आणि सोनाराच्या मुशीत गेली असती. चारदोन इकडेतिकडे उरली असती. पण ‘तेरा हजारांत नऊ हजार’ हे प्रमाण उरले नसते, आणि सगळा पुरावा त्या प्रमाणात आहे.

विलायतेत १९९२ च्या नोव्हेंबरात हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा निवृत्त मित्र मशीन घेऊन शोधायला गेला. हातोड्याआधी चांदीचे चमचे आणि नाणी लागली. त्याने थोडी काढली, मग हात थांबवला आणि वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तूंचे जाणकार आले. पंधरा हजारांच्या जवळपास नाणी निघाली, बहुतेक चांदीची, रोमन अंमलाच्या अखेरची. लाकूड कुजून गेले होते, तरी कुठली वस्तू कुठे होती त्यावरून पेटीचा आकार आणि आतल्या लहान पेट्याही ओळखता आल्या. साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले, ते त्याने त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. पुढे हातोडाही सापडला. तोसुद्धा आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही १८७८ चा गुप्तधनाचा कायदा हेच सांगत होता. दहा रुपयांवर किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे. धनी न मिळाल्यास आणि दोघांत वेगळा करार नसल्यास तीन भाग सापडवणाऱ्याला, एक भाग जमीनमालकाला. लपवले तर आपला वाटा गेला, वर शिक्षा. संरक्षित गढीत किंवा पांढरीत परवानगीवाचून खणणे हा तर आजही गुन्हाच आहे, मग मशीन असो की कुदळ.

तेव्हा शहागडला कोणाच्या नांगराला काही लागले तर नांगर थांबवावा, जागेवर खुंटी ठोकावी आणि अंबडला तहसीलदारांकडे दोन ओळींचा अर्ज द्यावा. गाडगे फुटले असेल तर खापऱ्याही ठेवाव्यात. आणि बायाबापड्यांना आधीच सांगून ठेवावे की नाणे चिंच-राखेने घासू नका. त्यावरची अक्षरे केसासारखी बारीक असतात, दोन हातांच्या घासण्यात ती जातात.