दहा वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा जोडीदार



जुन्या वस्तूंच्या बाजारात, किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर, १९६० च्या सुमाराचा व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर अजून क्वचित दृष्टीस पडतो. उचलावयास गेल्यास तो चांगला जड लागतो. शक्तीचा आकडा पाहावा तर एका बाजूस जेमतेम दहा वॅट! आज खेळण्यासारख्या यंत्रांवरही शंभर-दोनशे वॅट छापलेले असतात. तेव्हा "यात काही दम नाही" असे म्हणून पाहणारा मोकळा होतो. त्याला अलीकडचा एखादा लहानसा स्पीकर जोडला, की हे म्हणणे खरेही वाटू लागते. आवाज दबलेला येतो आणि कळ थोडी अधिक फिरवली की तो फाटतो. मग त्या यंत्राची रवानगी भंगारात होते.

हा निवाडा एकाच पक्षाचे ऐकून दिलेला आहे, असे मला सुचवावयाचे आहे. अ‍ॅम्प्लिफायर किती शक्ती देतो हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. त्या शक्तीचे स्पीकर काय करतो, हा दुसरा अर्धा. हे दोन भाग एकमेकांपासून कसे दुरावले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. सामान्य घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेच्या शंभर भागांपैकी एखादाच भाग, कित्येकदा त्याहूनही कमी, ध्वनीच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेली सर्व वीज उष्णता होऊन वाया जाते. कारण साधे आहे. स्पीकरचा पडदा जड आणि त्याच्यापुढची हवा अतिशय हलकी. पाण्यात मारावयाचे वल्हे हवेत फिरवावे, तसा तो प्रकार होतो. श्रम होतात, नाव पुढे जात नाही. पडद्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा बसविला म्हणजे पडद्याची हवेवरची पकड वाढते आणि त्याच विजेत कितीतरी अधिक आवाज निघतो.

स्पीकरचा हा गुण मोजण्याची रीत अशी, की त्यास एक वॅट शक्ती द्यावी आणि एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज येतो ते पाहावे. यास स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. डेसिबेलचे गणित मात्र चमत्कारिक आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ तीन डेसिबेलने चढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा तर सुमारे दहा डेसिबेल हवेत, म्हणजे वॅट दसपट करावयास पाहिजेत. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या आवाजासाठी १०४ डेसिबेलच्या स्पीकरला एक वॅट पुरतो, त्याच आवाजासाठी ८४ डेसिबेलच्या स्पीकरला शंभर वॅट द्यावे लागतात. दहा वॅटांचे वीस केल्याने जे साधत नाही, ते स्पीकर बदलल्याने साधते.

आता इतिहासाकडे वळू. आजच्या स्पीकरचा मूळपुरुष १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा संशोधकांनी सिद्ध केला. त्यांनी कर्णा काढून टाकला आणि चुंबकाच्या खाचेत हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला कागदाचा शंकू जोडला. या शोधावर आधारलेला रेडिओला १०४ हा स्पीकर १९२६ साली विक्रीस आला. त्याच्या पेटीतच त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बसविलेला होता आणि त्याची शक्ती होती अवघी एक वॅट. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर हे एकाच संसाराचे दोन घटक आहेत, ही समज तेथे आरंभापासून होती.

त्याच १९२६ साली न्यूयॉर्कला व्हिटाफोन पद्धतीच्या ध्वनियुक्त चित्रपटाचा खेळ झाला. त्यासाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने प्रचंड कर्णे बनविले होते. त्या काळी वॅट दुर्मिळ आणि महाग. म्हणून शेकडो माणसांचे सभागृह थोड्या वॅटांत भरून काढावे लागे, आणि तो भार कर्ण्यावर टाकलेला असे. याच कंपनीचा १९३६ सालचा, लहान चित्रपटगृहांसाठी केलेला ९१ए हा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे आठच वॅटांचा होता. माळ्यावरच्या यंत्रास दुबळे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की त्याहून कमी शक्तीवर एके काळी चित्रपटगृहे चालत.

हीच दृष्टी घरात आणली ती पॉल क्लिप्श यांनी. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात होप नावाचे गाव आहे. तेथे १९४६ साली त्यांनी आपला धंदा सुरू केला. खर्जाचा स्वर काढणारा कर्णा फार लांब आणि रुंद लागतो. तो दिवाणखान्यात मावणार कसा? क्लिप्श यांनी तो पेटीत घडी घालून बसविला, ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचा पुढचा भाग केले. थोड्या वॅटांत भरघोस आवाज देणारा हा क्लिप्शहॉर्न घरगुती स्पीकरांत अत्यंत संवेदनशील ठरला.

इंग्लंडातही त्याच सुमारास उत्तम अ‍ॅम्प्लिफायर तयार होत होते. हॅरॉल्ड लीक यांनी १९४५ साली "पॉइंट वन" नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्यातील विकृती शेकडा एक दशांशापर्यंत उतरविलेली होती. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी "वायरलेस वर्ल्ड" मासिकात पंधरा वॅटांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा दिला, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला. या सर्वांचे लक्ष आवाज स्वच्छ कसा राहील याकडे होते. वॅटांचा आकडा वाढविण्याची घाई कोणास नव्हती. आपल्याकडेही ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकला आहे त्यांना आठवत असेल, की तीन-चार वॅटांचा तो आवाज ओसरीवरून अंगणापर्यंत सहज जाई. त्याचे श्रेय हलक्या कागदी शंकूच्या स्पीकरलाही होते.

येथे स्टिरिओचा प्रवेश होतो. कल्पना जुनीच होती. इंग्लंडातील ई. एम. आय. कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लमलीन यांनी १९३१ साली तिचे पेटंट मागितले होते. एकाच खाचेच्या दोन बाजूंवर दोन ध्वनी कोरण्याची युक्तीही त्यात होती. १९४२ साली रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून ते मृत्यू पावले तेव्हा त्यांचे वय ३८ वर्षांचे होते. त्यांची कल्पना तबकडीच्या रूपाने बाजारात आली ती १९५७ च्या अखेरीस, आणि १९५८ मध्ये सर्वत्र पसरली.

स्टिरिओने संगीताला रुंदी दिली, पण घरासमोर एक अडचण उभी केली. आता स्पीकर एक नव्हे, दोन हवे होते. कपाटाएवढी एक पेटी गृहिणीने कशीबशी सहन केली असेल. दोन कोठे ठेवावयाच्या? कोपऱ्यातल्या कर्ण्याला तर एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे हवेत, आणि दारे-खिडक्या असलेल्या खोलीत असे कोपरे कितीसे सापडतात? क्लिप्श यांनाही ही अडचण दिसली होती. दोन कोपऱ्यांच्या मध्ये ठेवावयास त्यांनी १९५७ साली हेरसी हा लहान स्पीकर काढला आणि १९५९ साली कोपऱ्यात किंवा भिंतीलगत कोठेही चालणारा कॉर्नवॉल.

याचे निराळे उत्तर अगोदरच तयार झाले होते. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्या साहाय्याने अमेरिकेतील केंब्रिज येथे एआर-१ हा स्पीकर काढला. त्यांनी पेटी घट्ट बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग बनविले. परिणाम असा, की फडताळावर मावणाऱ्या पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज निघू लागला. पण निसर्ग फुकट काही देत नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि अधिक संवेदनशीलता या तिहींपैकी कोणतीही दोनच एका वेळी मिळतात. हा नियम पुढे क्लॉस यांचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. व्हिल्चर यांनी पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरीचे मोल अ‍ॅम्प्लिफायरवर टाकले. १९५८ सालच्या त्यांच्या एआर-३ या स्पीकरला निदान पंचवीस वॅट हवेत, असे सांगितले जाई.

आता आपल्या माळ्यावरच्या यंत्राचे दुर्दैव कळेल. नेमक्या त्याच १९५८ साली लीक यांचा स्टिरिओ २० हा अ‍ॅम्प्लिफायर निघाला. एका बाजूस सुमारे दहा वॅट. त्याची घडण जुन्या, संवेदनशील स्पीकरांच्या जगातली होती आणि जन्म झाला तो त्या जगाच्या सायंकाळी. पुढील वर्षी अमेरिकेत डायनाको कंपनीचा स्टिरिओ ७० आला. एका बाजूस ३५ वॅट. मग ट्रान्झिस्टरने जड ट्रान्सफॉर्मरची गरज संपविली आणि वॅट स्वस्त झाले. वॅटांच्या जाहिराती इतक्या फुगल्या, की १९७४ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाला शक्तीचा आकडा कसा मोजावा आणि छापावा, याचा नियम करावा लागला. वॅट मुबलक झाल्यावर स्पीकरांची संवेदनशीलता पाहण्याची गरज ग्राहकास उरली नाही, आणि दहा वॅटांचे यंत्र जोडीदारावाचून एकटे पडले.

लहान स्पीकर वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्यामुळेच सामान्य माणसाच्या दोन खोल्यांत उत्तम संगीत आले. उलट सगळेच कर्णे मधुर असतात असेही नाही. कित्येकांचा स्वर नाकातून आल्यासारखा वाटतो. जोडी जुळविणे म्हणजे केवळ आकडे जुळविणेही नव्हे. पीटर वॉकर यांनी १९५७ साली काढलेला क्वाड विद्युत्स्थितिक स्पीकर फारसा संवेदनशील नव्हता, परंतु त्यांच्याच पंधरा वॅटांच्या अ‍ॅम्प्लिफायरशी त्याचे उत्तम जमले. त्याला बेसुमार शक्ती दिली तर त्याच्या पातळ पडद्यात ठिणगी पडून तो निकामी होतो.

तेव्हा ज्याच्या हाती असे यंत्र येईल त्याने काय करावे? प्रथम ते जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. जुने कपॅसिटर निकामी झालेले असतात आणि आतील दाब तीन-चारशे व्होल्टांचा, म्हणजे जीवघेणा असतो. मग निदान नव्वद, शक्य तर ९५ डेसिबेलचा स्पीकर शोधावा. खोली लहान असेल आणि बैठक जवळ, तर नव्वदही पुरतात. आकडा एक वॅटाचा आहे की २.८३ व्होल्टांचा, हे मात्र पाहावे. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टांत दोन वॅट मिळतात, म्हणून आकड्यातून तीन वजा करावे लागतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे चार, आठ, सोळा ओहम अशा जागा असतात. स्पीकर ज्या ओहमचा, त्याच जागी जोडावा. ओहम जुळले म्हणजे सारे जुळले, असे मात्र समजू नये. बी. बी. सी.चा प्रसिद्ध एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मुळात पंधरा ओहमचा, म्हणजे जुन्या यंत्राला जोडावयास सोयीचा. पण त्याची संवेदनशीलता जेमतेम ८३ डेसिबेल. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.

एखादे जुने यंत्र दुबळे वाटले तर ते कोणत्या जोडीदारासाठी घडविले होते, एवढा प्रश्न आधी विचारावा. पुष्कळदा दोष यंत्रात नसतो, जोडीत असतो. जोडी बदलून पाहावी आणि मगच त्याला मोडीत घालावयाचे की नाही ते ठरवावे.