द लेद ऑफ हेवन

अमेरिकन लेखिका अर्सुला के. ल गुइन (१९२९–२०१८) यांची इंग्रजी कादंबरी (१९७१). विज्ञानकथा म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा गाभा अद्भुतकथेचा आहे. पुस्तकरूपाआधी ती ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकातून क्रमशः आली; १९७२ मध्ये तिला लोकस पुरस्कार मिळाला. शीर्षक चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्झू याच्या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादातून घेतले आहे.

कथा ऑरेगॉनमधील पोर्टलंड शहरात घडते. जॉर्ज ऑर या साध्या नोकरदाराची काही स्वप्ने खरी होतात. नुसते भविष्य नव्हे, भूतकाळही बदलतो आणि पहिले जग इतरांना आठवतही नाही. याच्या भीतीने तो स्वप्ने टाळण्यासाठी औषधे घेऊ लागतो. मनोविकारतज्ज्ञ विल्यम हेबर मात्र संमोहन व यंत्राच्या साहाय्याने त्याची स्वप्ने जगाच्या कल्याणासाठी राबवतो. लोकसंख्येचा प्रश्न सुटतो तो महामारीने. माणसांतील युद्धे थांबतात ती परग्रहवासीयांच्या आक्रमणामुळे. वर्णभेद मिटवताना सर्वांची कातडी करडी होते आणि ऑरची गव्हाळ वर्णाची सखी हेदर त्या जगातून नाहीशीच होते. कादंबरीतला हा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. हेबर दुष्ट नाही, त्याचा हेतू खरोखरच चांगला आहे. म्हणूनच हे पात्र इतके भेदक उतरले आहे. ऑरच्या वरवरच्या निष्क्रियतेमागे ताओवादी विचार आहे.

कादंबरीवर १९८० व २००२ मध्ये दूरचित्रपट निघाले. पहिल्याच्या निर्मितीत लेखिकेचा सहभाग होता.