संगणकीय वास्तुरेखन : भिंत, खिडकी व छप्पर

इमारतीच्या भिंती, दारे-खिडक्या, मजले, छप्पर इ. घटकांचे मोजमापांसह आरेखन संगणकाच्या साहाय्याने करण्याच्या पद्धतीस संगणकीय वास्तुरेखन म्हणतात. कागदावरील नकाशात रेषा ही केवळ रेषा असते व तिचा अर्थ वाचणारा लावतो. संगणकीय प्रतिमानात तोच अर्थ घटकाला आधीच चिकटविलेला असतो. त्यामुळे या पद्धतीतील दोषांचे स्वरूप बदलले असून, चुकीच्या रेषेपेक्षा घटकांमधील चुकलेला संबंध हे दोषाचे मुख्य कारण ठरते.

इतिहास : भारतात वास्तुरेखनाचे शिक्षण प्रथम कला विद्यालयांतून रुजले. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कला विद्यालयाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि तेथूनच पुढे वास्तुकलेचे स्वतंत्र महाविद्यालय विकसित झाले. विदर्भात नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने (स्थापना १९६०) या शिक्षणाची सोय केली. फळा, टी-स्क्वेअर व ट्रेसिंग कागद ही त्या काळातील आरेखकाची साधने होत. भिंतीची जाडी बदलल्यास तलविन्यास, उभा छेद व दर्शनी भाग या तिन्ही आरेखनांत ती हाताने बदलावी लागे. एखाद्या ठिकाणी विसर पडल्यास ती विसंगती बहुधा बांधकामाच्या जागीच उघडकीस येई.

मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली. दोन रेषा समांतर वा काटकोनात राहाव्यात असा संबंध तीत एकदा सांगता येई व पुढील बदलांत तो टिकून राही. १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे वर्णन रेषांऐवजी घटकांच्या संग्रहातून करण्याची कल्पना मांडली. तथापि, १९८२ च्या अखेरीस आलेल्या ऑटोकॅडने प्रारंभी कागदी फळ्याचेच काम पडद्यावर आणले. भिंत हा स्वतंत्र घटक मानणाऱ्या आज्ञावलींपैकी हंगेरीतील आर्किकॅड त्याच दशकात, तर रेव्हिट २००० मध्ये प्रसृत झाली. नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमितीय प्रतिमानाला वेळ व खर्च यांची जोड देणारी पद्धत वापरण्यात आली.

भिंतीचे दोष : प्रत्येक भिंतीस एक संदर्भरेषा असते. ती भिंतीच्या बाहेरील कडेला, आतील कडेला किंवा मध्यभागी घेता येते. दोन भिंतींच्या संदर्भरेषा एका बिंदूत मिळाल्या नाहीत, तर कोपरा जुळल्यासारखा दिसूनही खोली बंदिस्त होत नाही व तिचे क्षेत्रफळ निघत नाही. अशा वेळी भिंतीची कड न ओढता संदर्भरेषा वाढवून मिळवावी लागते. संदर्भरेषेचे स्थान चुकल्यास दोष अधिक गंभीर होतो. २३० मिमी. जाडीच्या भिंतीत कडेऐवजी मध्य धरला गेल्यास भिंत ११५ मिमी. सरकते. १० मी. लांबीच्या सामाईक भिंतीबाबत हा फरक १·१५ चौ. मी. भरतो.

खिडकीचे दोष : खिडकी ही भिंतीची आश्रित असते. आधाराची भिंत पुसली की खिडकीही जाते. गिलावा किंवा दगडी आवरण स्वतंत्र भिंत म्हणून काढल्यास खिडकीची पोकळी फक्त एकाच भिंतीत पडते व बाहेरून ती बुजलेली दिसते. हा दोष दोन्ही भिंती परस्परांना जोडल्याने दूर होतो. तलविन्यास हा एका ठराविक उंचीवर घेतलेला आडवा छेद असतो व ही उंची बहुधा जमिनीपासून सु. १·२ मी. धरतात. त्याहून उंचावर असणारा न्हाणीघराचा झरोका नकाशात दिसत नाही. प्रतिमानात मात्र तो असतो. म्हणून तो दुसऱ्यांदा काढण्यापूर्वी छेदाची उंची तपासावी लागते.

छपराचे दोष : छपराची कड बंद आकृती नसेल, तर छप्पर तयारच होत नाही. दुपाखी छपराखालील भिंती आपोआप वर चढत नसल्याने दोन्ही टोकांना त्रिकोणी पोकळी उरते. त्यासाठी भिंतीचा माथा छपराशी जोडावा लागतो. दोन बाजूंचा उतार असमान दिल्यास आढे मध्यावरून सरकते.

खापा व परवानगीची व्यवस्था : नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे खापा हे जुने नगर आहे. तेथे १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. विदर्भाच्या अशा जुन्या वस्त्यांत मातीच्या जाड भिंती व कवेलूंची छपरे ही घरबांधणीची रूढ पद्धत होती. अशा घरांचे कोपरे क्वचितच नेमके काटकोनी असतात आणि भिंतीची जाडी पायथ्याशी अधिक असते. आज्ञावली मात्र सरळ, समजाड व काटकोनी भिंत गृहीत धरते. त्यामुळे खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावे लागतात. कर्ण न मोजता काढलेला नकाशा पडद्यावर निर्दोष दिसतो, परंतु प्रत्यक्ष जागेशी जुळत नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. बृहन्मुंबई व अन्य काही अपवाद वगळता ती राज्यभर लागू झाल्याने लहान नगरपरिषदांतही मोठ्या शहरांप्रमाणेच नियम आले. नकाशांची संगणकीय छाननीही रूढ होत गेली. पुण्यातील सॉफ्टेक इंजिनिअर्सची ‘ऑटोडीसीआर’ ही अशा छाननीची एक आज्ञावली होय. या छाननीत भिंत, खिडकी, भूखंडाची हद्द इ. ठरवून दिलेल्या स्वतंत्र स्तरांवर व बंद आकृतींनी दाखवावी लागतात. खिडकी चुकीच्या स्तरावर असल्यास वायुवीजनाच्या हिशेबात ती धरली जात नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान १/१० उघडीप लागते. तेवढी खिडकी प्रत्यक्षात असूनही केवळ स्तराच्या चुकीने नकाशा परत येऊ शकतो.

मर्यादा : छाननी करणारे यंत्र नकाशा नियमांशी ताडते, जागेशी नव्हे. बंद आकृती, योग्य स्तर व पुरेशी उघडीप एवढे असल्यास हद्दीवरील भिंत ११५ मिमी. सरकलेली असली, तरी तो नकाशा मंजूर होऊ शकतो. जुन्या नगरातील अरुंद भूखंडांवर अशी चूक शेजाऱ्याच्या जमिनीवरील अतिक्रमण ठरते, किंवा कवेलूंचे पाणी त्याच्या अंगणात पडते. म्हणून आरेखकाचे हात बदलले, तरी जागेवर जाऊन फीत लावण्याचे त्याचे काम संगणकाने संपविलेले नाही. पूर्वी आरेखनांमधील विसंगती चुकीची सूचना देत असे. प्रतिमानात सर्व आरेखने एकमेकांशी जुळतात व मूळ मोजणीतील चूकही सर्वत्र सारखीच उतरते. यामुळे पहिल्या मोजणीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.