ओपन सोर्स डॉक्युमेंटेशनमधली हेडिंग्ज सुधारा, पण लिंक तुटू देऊ नका

ओपन सोर्समधलं पहिलं योगदान कोडचंच असावं असं काही नाही. डॉक्युमेंटेशनमधली हेडिंग्ज नीट करणं हेही योगदानच, आणि गिटहबवर ते ब्राउझरमधूनच करता येतं. तुम्हाला परवानगी नसेल तर गिटहब स्वतःच फोर्क बनवून देतं.

डॉक्युमेंटेशन कोणी कादंबरीसारखं वाचत नाही. एरर आली की माणूस सर्च करून थेट मधल्या भागात येतो आणि फोनवर भराभर स्क्रोल करताना त्याला दिसतात ती हेडिंग्ज. स्क्रीन रीडर वापरणारे तर हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतच पान चाळतात. तिथे ‘नोट्स’ किंवा ‘इतर माहिती’ लिहिलेलं असेल तर काय कळणार? (‘इतर’ म्हणजे घरातला तो ड्रॉवर, ज्यात सेलपासून सेफ्टी पिनपर्यंत सगळं असतं!) गूगलच्या डेव्हलपर स्टाइल गाइडमधला नियम मला पटतो: कृती सांगणाऱ्या भागाचं हेडिंग क्रियापदाने सुरू करा, संकल्पनेच्या भागाला नाम द्या. म्हणजे नुसतं ‘पोर्ट’ नको, ‘चेंज द पोर्ट नंबर’ हवं.

आता खरी गोम. गिटहब हेडिंगच्या शब्दांपासूनच त्या भागाची लिंक बनवतं: अक्षरं स्मॉल, स्पेसच्या जागी हायफन. ‘इन्स्टॉलिंग ऑन विंडोज’चं ‘इन्स्टॉल ऑन विंडोज’ केलं की लिंक बदलली. जुन्या लिंकवर ४०४ सुद्धा येत नाही. पान उघडतं, पण वरूनच. वाचणाऱ्याला वाटतं, माहिती काढून टाकली. सर्व्हरवर रीडायरेक्ट लावूनही हे सुटत नाही, कारण हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

एकाच पानावर दोन ‘एक्झाम्पल’ असतील तर दुसऱ्याच्या लिंकला ‘-१’ जोडलं जातं. मध्येच तिसरं घातलंत की आकडे सरकतात आणि जुनी लिंक भलतीकडेच नेते. हे तर तुटण्यापेक्षा वाईट.

म्हणून हेडिंग बदलण्याआधी जुनी लिंक पूर्ण रिपॉझिटरीत शोधा आणि सापडेल तिथे बदला. बाहेरच्या ब्लॉगवरच्या लिंक मात्र आपल्या हातात नसतात. ह्यूगोसारख्या टूलमध्ये हेडिंगपुढे महिरपी कंसात हॅश देऊन जुनाच आयडी ठेवता येतो; साध्या मार्कडाउनमध्ये हेडिंगच्या वर जुन्या नावाचा अँकर टॅग टाका. पुल रिक्वेस्टमध्ये जुनं-नवं हेडिंग शेजारी लिहा आणि जुन्या लिंकचं काय केलंत तेही सांगा. मेंटेनर पहिल्यांदा तेच विचारतो.