टाळेबंदी, सराव आणि बीडचा धावपटू

व्यायाम ही सुस्थितांची हौस, असे क्रीडाविषयक लेखनात पुष्कळदा गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यात ते लागू पडत नाही. येथील तरुण पहाटे रस्त्यावर धावतो तो बहुधा सैन्याची वा पोलिसांची भरती डोळ्यांपुढे ठेवून. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हाही आधी महार रेजिमेंटचा जवान झाला, सियाचीनला राहिला आणि मगच शर्यतींकडे वळला.

दि. २४ मार्च २०२० रोजी टोकियो ऑलिंपिक लांबणीवर पडले व त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. ३,००० मीटर स्टीपलचेसची पात्रता साबळेने २०१९ सालीच दोहा येथे मिळविली होती. म्हणजे हाती आलेले ध्येय दूर सरकले. असे असता २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पुरी केली. हे त्याचे नेहमीचे अंतर नव्हे. तरी एकसष्ट मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय ठरला. दूरच्या ध्येयाऐवजी जवळचे ध्येय पत्करले की सराव तग धरतो, असे अनुमान यावरून निघते खरे. परंतु त्याच्या पाठीशी सैन्याचा पगार व शिस्त होती, हे विसरता कामा नये.

गावच्या मुलांपुढे असे पर्यायी ध्येय नव्हते. सैन्यभरती खोळंबली आणि वय मात्र वाढत राहिले. म्हणूनच २०२२ साली अग्निपथ योजनेत वयोमर्यादा, त्या एका वर्षापुरती, २१ वरून २३ करावी लागली. ज्यांनी तेविशीही ओलांडली होती, त्यांना या सवलतीचा उपयोग नव्हता.