गणेशखिंडींतील गव्हर्नरवाडा

शिक्षकी पेशांत असतांना मी माणिकपूरहून मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यांत जात असें. पोर्तुगीज देवळांचे भग्न दरवाजे दाखवून विचारीत असें, "कमान गोल कीं टोकदार?" मुलें म्हणत, "गोल, गुरुजी." तोच प्रश्न घेऊन आज आपणांस पुण्याजवळच्या एका वाड्यापर्यंत न्यावें असा विचार आहे.

टोकदार कमान ही मध्ययुगीन युरोपांतील गॉथिक शिल्पाची खूण. गोल कमानीपेक्षां ती भार अधिक सरळ खालीं उतरविते. त्यामुळें भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवतां येतात. ही पद्धत मागें पडली होती. अठराव्या शतकांत इंग्लंडांत तिला पुन्हां बहर आला. होरेस वॉलपोल या गृहस्थानें १७४७ सालीं लंडनजवळ एक लहानसें घर घेतलें, आणि मनोरे व टोकदार खिडक्या जोडीत त्याचा 'स्ट्रॉबेरी हिल' नांवाचा गढीवजा वाडा केला. त्यांतील एका दालनाच्या छताची नक्षी तर दगडाची नसून कागदाच्या लगद्याची आहे! भार वाहणारें अंग येथें केवळ भूषण झालें. पुढें १८३४ सालीं पार्लमेंटची इमारत जळाली. नवी गॉथिक पद्धतीनें उठली, आणि एका रसिकाची हौस राज्याची मुद्रा बनली.

हीच मुद्रा आपल्याकडे आली. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यांत पुण्यास येत, तेव्हां दापोडीच्या बंगल्यांत रहात. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत, १८६४ सालीं, गणेशखिंडीच्या माळावर नवा वाडा बांधावयास घेतला. तो १८७१ सालीं पुरा झाला. शिल्पकार जेम्स ट्रबशॉ. या वाड्याच्या पद्धतीस इटालियन गॉथिक म्हणतात. शुद्ध गॉथिक शोधणाराची येथें निराशा होईल. उंच ध्वजमनोरा मात्र दुरूनच सत्तेची ओळख करून देतो. १८१७ सालीं पेशवाईचें भवितव्य ज्या खडकीच्या रणांत ठरूं लागलें, तें येथून जवळच.

अमेरिकेंतील यादवीमुळें त्या काळीं मुंबईंत कापसाचा पैसा खेळत होता. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. वाड्याचें काम मात्र चालूच राहिलें. या उधळपट्टीवर खुद्द पार्लमेंटांत टीका झाली.

पुढें १८९७ साल उजाडलें. पुण्यांत प्लेग होता. १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां, सावित्रीबाई फुले यांचें देहावसान झालें. २२ जून रोजीं याच वाड्यांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव थाटानें झाला. त्या रात्रीं तेथून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. प्लेगबंदोबस्तांतील जुलुमाचा तो सूड होता. एकाच शहरांत, एकाच सालीं, एकीकडे रोषणाई आणि दुसरीकडे शोक, हें त्या मनोऱ्यानें पाहिलें.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें व हा वाडा त्यास मिळाला. पहिले कुलगुरु डॉ. मु. रा. जयकर. २०१४ सालीं विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव देण्यांत आलें. ज्या सालीं त्या प्लेगनें गेल्या, त्याच सालीं जेथें राणीचा उत्सव झाला, त्या वास्तूवर आज त्यांचें नांव आहे. दगड तेच, कमानी त्याच. मुलांना मी सांगत असें कीं, कमानीवरून बांधणाराचें मन कळतें. आतां इतकेंच जोडतों कीं, वास्तूचा खरा अर्थ पुढें तींत वावरणारे ठरवितात.