तुळजाभवानीची पालखी नगरकडून का जाते?

तुळजाभवानी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शिवछत्रपती आणि भवानी तलवार उभी राहते. मित्रहो, आजचा धागा मात्र एका लाकडी पालखीविषयी आहे.

विजयादशमीच्या पहाटे तुळजापुरात देवीचे सीमोल्लंघन होते. येथील मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. मूर्तीला साड्यांचे दिंड बांधतात, पालखीत बसवतात आणि मंदिराभोवती मिरवतात. नंतर देवी पलंगावर निद्रिस्त होते. ही श्रमनिद्रा, ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालते. महिषासुराशी नऊ दिवस झुंजलेल्या देवीलाही शीण येतो, ही कल्पना मला आपल्या लोकधर्मातील अत्यंत हृद्य कल्पनांपैकी एक वाटते.

परंतु ही पालखी आणि हा पलंग तुळजापुरात घडतच नाहीत. पालखी तयार होते अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरीत, आणि तिचा मान आहे नगर शहरालगतच्या बुऱ्हाणनगर येथील तेली समाजाच्या भगत घराण्याकडे. पलंग येतो पुणे जिल्ह्यातील घोडेगावाहून, तोही नगरमार्गेच. तेथून तुळजापूर सुमारे २०० किलोमीटर. देवस्थानाच्या वार्षिक उत्सवातील सर्वोच्च क्षण दूरच्या कारागिरांवर आणि मानकऱ्यांवर अवलंबून असावा, ही साधी गोष्ट नव्हे.

याचे कारण आख्यायिका सांगते. बुऱ्हाणनगरच्या जानकोजी नावाच्या तेली भक्ताच्या घरी देवी बालिकेच्या रूपात राहिली आणि एके दिवशी अंतर्धान पावली. तिच्या शोधात तो तुळजापूरला पोहोचला. तेव्हा देवीने वचन दिले की सीमोल्लंघन मी तुझ्याच पालखीतून करीन.

‘दंतकथा’ म्हणून ही कथा बाजूला सारण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याला होतो. मलाही झाला होता. तिच्यावरून कालनिर्णय होत नाही, हे खरेच. मात्र मान कोणाचा आणि तो कोणत्या नात्याने, याचा उच्चार ती दरवर्षी नव्याने करते. ताम्रपटावर किंवा सनदेवर ज्यांची नावे क्वचितच येतात अशा समाजांनी आपला हक्क असा कथेतून आणि पायी वाटचालीतून राखला. बापाने लेकीला शोधत जावे, असे या कथेतील नाते आहे. त्यात पुजारी आणि यजमान यांचे अंतर नाही.

आता नकाशा पाहा. नगर शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने वसवले. बुऱ्हाणनगरच्या नावातही तीन निजामशाही सुलतानांचे नाव आहेच. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, नगर ब्रिटिशांच्या मुलखात गेले. तुळजापूर मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. म्हणजे त्या १३० वर्षांत नगरहून तुळजापूरला निघणाऱ्याला एक राज्य सोडून दुसऱ्यात शिरावे लागे. देवीचे सीमोल्लंघन मंदिराभोवती होई. पालखी वाहणाऱ्यांचे ते वाटेतच घडून गेलेले असे.

नवरात्रात बुऱ्हाणनगरला यात्रा भरते. नगरजवळ राहत असाल, तर रिकामी पालखी पुढे जाताना अवश्य पाहा. तिच्यात बसणारी देवी अजून २०० किलोमीटर दूर असते, तरी वाटेवरचे लोक तिच्यापुढे हात जोडतात.